थ्रेड हवेत, पण कुणाच्या हातात?

पायथॉनची ३.१४ ही आवृत्ती ७ ऑक्टोबर २०२५ रोजी आली. आकडा बघून मॅथ्सवाली मंडळी खूश झाली. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांच्या विंगमध्ये मात्र जेवणानंतरचे तास-दोन तास एका जुन्याच वादात जाऊ लागले: स्क्रिप्टिंग भाषेत थ्रेड असावेत की नसावेत? कारण जवळजवळ तीस वर्षं नुसत्या चर्चेत असलेली एक गोष्ट या आवृत्तीत 'प्रयोग' हे लेबल काढून अधिकृत झाली. ज्या कुलपामुळे पायथॉनचे थ्रेड एका वेळी एकच चालायचे, ते कुलूप नसलेला पायथॉन आता पर्याय म्हणून मिळतो. नेहमीच्या पायथॉनमध्ये कुलूप अजून आहे. ज्याला नको असेल त्याने बिनकुलपाचा घ्यावा.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना मेसला जायची घाई आहे त्यांना जाता येईल. स्क्रिप्टिंग भाषेने एका वेळी अनेक कामं हाताळण्याची सोय दिलीच पाहिजे. तिच्या पोटात थ्रेड असायलाही माझी हरकत नाही. पण सगळ्यांनी एकाच मेमरीत एकदम हात घालायचा, असले थ्रेड हे स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या हातातलं पहिलं हत्यार असू नये. शेवटचं असावं. असं का म्हणतो ते आता सविस्तर.

सिव्हिल आणि मेकॅनिकलच्या मित्रांनी पान उलटू नये म्हणून आधी दोन शब्द. आपल्या मेसमध्ये एकच आचारी आणि तीन शेगड्या आहेत असं समजा. भात चढवला, तो शिजेपर्यंत आमटीला फोडणी दिली, आमटी उकळेपर्यंत भाजी परतली. कामं तीन, माणूस एक, आणि तरीही जेवण वेळेवर. याला समवर्ती काम म्हणू. आता तीन आचारी आणून तिघांना तीन शेगड्या दिल्या तर ते समांतर काम. पहिल्यात वाट बघण्याचा वेळ कारणी लागतो, दुसऱ्यात हातच वाढतात. आपल्या वादातला निम्मा घोळ या दोन गोष्टी एकच समजण्यातून होतो.

थ्रेड म्हणजे एकाच स्वयंपाकघरातले अनेक आचारी. मिठाचा डबा एक, सुरी एक, वही एक. ही वहीच घात करते. समजा मेसच्या वहीत एक्स्ट्रा जेवणांचा आकडा लिहायचा आहे. वहीत ४० लिहिलंय. दोन पोरं एकाच वेळी आली. पहिल्याने ४० वाचलं, दुसऱ्यानेही ४० वाचलं. दोघांनी मनात एक मिळवला, दोघांनी ४१ लिहिलं. जेवले दोघं, वहीत वाढला एक. दोघांपैकी कुणीही खोटं केलेलं नाही, दोघांची बेरीज बरोबर आहे, आणि तरीही हिशोब चुकला. प्रोग्रॅममध्ये 'मोजणी = मोजणी + १' ही एकच ओळ दिसते, पण आत वाचणं, मिळवणं आणि लिहिणं अशा तीन पायऱ्या असतात, आणि दुसरा थ्रेड या पायऱ्यांच्या मध्ये कधीही घुसू शकतो. यालाच रेस कंडिशन म्हणतात. ओरलला हाच प्रश्न येतो, उत्तर पाठ असतं, आणि प्रोजेक्टमध्ये ती तशीच राहते.

आता ते कुलूप. त्याचं नाव ग्लोबल इंटरप्रिटर लॉक, लाडाने 'गिल'. सातारा-सांगली रेल्वेने येणाऱ्याजाणाऱ्यांना ते वेगळं समजावायला नको. पुणे-मिरज मार्ग वर्षानुवर्षं एकेरी होता. ताकारी म्हणा, किर्लोस्करवाडी म्हणा, गाडी उभी. का? तर क्रॉसिंग आहे. एकेरी मार्गावरची टोकनची जुनी पद्धत तुम्ही ऐकली असेल. स्टेशन मास्तर ड्रायव्हरच्या हातात टोकन देणार, आणि ज्याच्या हातात टोकन त्यानेच पुढच्या स्टेशनापर्यंतच्या टप्प्यात शिरायचं. टप्प्याला टोकन एकच, म्हणून टप्प्यात गाडीही एकच, म्हणून समोरासमोर टक्कर नाही. गिल म्हणजे हे टोकन. थ्रेड कितीही असोत, पायथॉनची आज्ञा तोच चालवणार ज्याच्या हातात टोकन आहे. दुसरा थ्रेड ताटकळत असेल तर साधारण पाच मिलिसेकंदांनी टोकन मागून घेतलं जातं. आणि थ्रेड फाइलची किंवा नेटवर्कची वाट बघायला लागला की तो स्वतःहून टोकन सोडतो. गंमत म्हणजे आपल्या पुस्तकातला 'सेमाफोर' हा शब्दही रेल्वेच्या हाताच्या सिग्नलवरूनच आलाय. डायक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात तो प्रोग्रॅमिंगमध्ये आणला.

हे टोकन कशासाठी? पायथॉनमध्ये प्रत्येक वस्तूला एक आकडा चिकटलेला असतो: आपल्याला कितीजणांनी धरून ठेवलंय. आकडा शून्य झाला की वस्तू मेमरीतून काढून टाकायची. हा आकडा म्हणजे वर सांगितलेली मेसची वहीच. तो चुकला तर वापरात असलेली वस्तू पायाखालून काढली जाते आणि इंटरप्रिटर कोसळतो. गिल असल्यामुळे तो चुकत नाही. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण चांगले चांगले लोक इथे फसतात. गिल इंटरप्रिटरची वही सांभाळतो, तुमची नाही. तुमच्या 'मोजणी'च्या तीन पायऱ्यांमध्ये टोकन हातातून जाऊ शकतं. नव्या आवृत्त्यांमध्ये टोकन सोडण्याच्या जागा कमी असल्यामुळे साध्या उदाहरणात बेरीज बहुतेक वेळा बरोबर येते. त्यामुळे पोरं म्हणतात, 'बघ, पायथॉनमध्ये रेस होतच नाही.' भाषेने असं वचन कधीच दिलेलं नाही. नशिबाने बरोबर आलेलं उत्तर आणि बरोबर असलेलं उत्तर यांत फरक आहे.

मग हे कुलूप काढायला इतकी वर्षं का लागली? लोक आळशी होते म्हणून नव्हे. १९९० च्या दशकातच ग्रेग स्टाइन यांनी ते काढून दाखवलं होतं. पण त्यामुळे एकच थ्रेड असलेला साधा प्रोग्रॅम बराच हळू झाला, काही ठिकाणी निम्म्या वेगावर आला. २००७ साली पायथॉनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी अट जाहीर केली: कुलूप काढा, पण एका थ्रेडच्या प्रोग्रॅमचा वेग घटता कामा नये. २०१६ मध्ये लॅरी हेस्टिंग्ज यांनी पुन्हा प्रयत्न केला, तोही वेगावरच अडला. शेवटी सॅम ग्रॉस यांनी हा आकडा ठेवण्याची पद्धतच बदलली. त्यांचा प्रस्ताव, पेप ७०३, २०२३ मध्ये मान्य झाला आणि ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ मध्ये प्रयोग म्हणून आला. तेव्हा एका थ्रेडच्या प्रोग्रॅमला सुमारे ४० टक्क्यांचा भुर्दंड होता. ३.१४ मध्ये तो ५ ते १० टक्क्यांवर आणलाय. काम जबरदस्त आहे, यात वादच नाही. माझा सलाम.

पण प्रश्न उरतो तो असा, की हा ५ ते १० टक्क्यांचा कर कुणी भरायचा? स्क्रिप्ट लिहिणारे बहुतेक लोक एकच थ्रेड वापरतात. कुणी एक्सेलची फाइल साफ करतो, कुणी जर्नलचे ग्राफ काढतो, कुणी टेस्टिंगच्या लॅबमधले आकडे जुळवतो. त्यांना समांतर कामाची गरजच नाही. भाषा सगळ्यांची असते, म्हणून तिच्यात एक सोय वाढवली की बिलही सगळ्यांच्या नावावर फाटतं. सध्या तरी हा पर्याय वेगळा ठेवलाय, हे मला शहाणपणाचं वाटतं.

शिवाय रेल्वेचं दुहेरीकरण म्हणजे शेजारी दुसरे रूळ टाकले आणि झालं, असं नसतं. पूल नवे, फाटकं नवी, स्टेशनचं यार्ड नवं, सिग्नल नवे. आणि एवढं करूनही स्टेशनातल्या सांध्यावर एका वेळी एकच गाडी जाणार, तिथे इंटरलॉकिंग लागणारच. कुलूप काढल्यावर पायथॉनचंही तेच. सी भाषेत लिहिलेल्या शेकडो लायब्ऱ्या 'टोकन आपल्याच हातात आहे' असं गृहीत धरून लिहिलेल्या होत्या. त्या एकेक करून तपासाव्या लागतात. एक मोठं कुलूप गेलं आणि त्या जागी हजार छोटी आली. मोठं कुलूप इंटरप्रिटर लिहिणारे सांभाळत होते. छोट्यांतली बरीचशी तेच सांभाळतील, पण उरलेली तुमच्या-आमच्या गळ्यात आहेत.

बाकीच्या भाषांकडे बघा, म्हणजे हा प्रश्न एकट्या पायथॉनचा नाही हे कळेल. टीसीएलचे कर्ते जॉन ओस्टरहाउट यांनी १९९६ च्या युसेनिक्स परिषदेतच मांडलं होतं की थ्रेड ही बहुतेक कामांसाठी वाईट कल्पना आहे. टीसीएलमध्ये पुढे थ्रेड आले, पण प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र इंटरप्रिटर, आणि बोलणं निरोपाने. पर्लने २००२ च्या ५.८ मध्ये थ्रेड सर्वांना दिले, आणि आज पर्लचंच अधिकृत मार्गदर्शन म्हणतं की ते वापरू नका. जावास्क्रिप्टने पहिल्यापासून एकच रांग ठेवली. त्याच पायावर २००९ मध्ये नोड उभं राहिलं, आणि एका थ्रेडच्या जोरावर हजारो जोडण्या सांभाळून दाखवल्या. जावास्क्रिप्टमध्ये सामायिक मेमरी आली तीही उशिरा, आणि जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर हा दोष उघड झाल्यावर ब्राउझरवाल्यांनी ती तात्पुरती बंदही केली. रुबीने २०२० च्या ३.० मध्ये 'रॅक्टर' आणले, ज्यांच्यात बदलता येणारी वस्तू दोघांच्या हातात एकदम राहतच नाही. इतक्या वेगवेगळ्या स्वभावाच्या लोकांनी वेगवेगळ्या वर्षी जवळपास एकाच दिशेला पाऊल टाकलं, याला योगायोग म्हणणं मला जड जातं.

आता समोरच्या बाजूचंही ऐकलं पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे जीएसच्या निवडणुकीतलं भाषण होईल. हर्ब सटर यांनी २००५ मध्येच सांगितलं होतं की फुकटचं जेवण संपलं. प्रोसेसरचा वेग दरवर्षी आपोआप वाढणार आणि आपला प्रोग्रॅम काहीही न करता पळणार, हे दिवस गेले. आता वाढतात ते कोअर. आज होस्टेलवरच्या साध्या लॅपटॉपमध्येही सहा-आठ कोअर सहज असतात आणि आपली स्क्रिप्ट त्यातल्या एकावर घाम गाळत बसते. बाकीचे बाकावर बसून टाळ्या वाजवतात. 'मग वेगवेगळ्या प्रोसेस चालवा' हा सल्ला सोपा आहे, पण प्रत्येक प्रोसेसची मेमरी वेगळी. एकीकडून दुसरीकडे मोठा डेटा पाठवायचा तर गाठोडं बांधा, पाठवा, सोडा. दोन जीबीचा डेटा असेल तर बांधण्या-सोडण्यातच कामाचा फायदा निघून जातो. ज्यांना हा त्रास रोज होतो त्यांना 'थ्रेड वाईट असतात' एवढंच ऐकवणं म्हणजे उपाशी माणसाला उपासाचं महत्त्व सांगणं. त्यांची तक्रार खरी आहे आणि ग्रॉस यांचं काम त्यांच्यासाठीच आहे. म्हणून मी 'थ्रेड नकोतच' म्हणणाऱ्यांच्या गटात नाही.

पण आपल्याकडे स्क्रिप्ट कशासाठी लिहिली जाते? सांगलीत राहणाऱ्याला उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. २००५ चा आणि २०१९ चा पूर इथल्या भिंतींवर अजून खुणा ठेवून आहे. समजा फायनल इयरच्या एका ग्रुपने पुराची सूचना देणारी स्क्रिप्ट करायची ठरवली. कोयनानगर, नवजा, महाबळेश्वरचा पाऊस. कोयना धरणाचा साठा आणि विसर्ग. धरण तिकडे सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात, क्षमता सुमारे १०५ टीएमसी. ते पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि खाली आपल्याकडे येतं. म्हणून कराडची पातळी, भिलवडीची पातळी, आणि शेवटी आयर्विन पुलाची. आयर्विनला ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. आकडा ओलांडला की नदीकाठच्या लोकांना मेसेज जायला हवा.

या स्क्रिप्टचा वेळ कुठे जातो बघा. सात-आठ ठिकाणांहून आकडे मागवायचे आणि उत्तराची वाट बघायची. गणित जवळजवळ शून्य. हा एक आचारी आणि अनेक शेगड्या असा मामला आहे. इथे समवर्ती काम हवंच. एकेका ठिकाणची वाट बघत बसलं तर भर पुरात एक बंद पडलेला सर्व्हर सगळी सूचना अडवून ठेवेल. पण इथे इव्हेंट लूप पुरतो, आणि तो पायथॉनमध्ये ३.४ पासून, म्हणजे २०१४ पासून आहे.

आमचा एखादा उत्साही मित्र मात्र आठ ठिकाणांसाठी आठ थ्रेड काढणार, कारण रिपोर्टच्या टायटलमध्ये 'मल्टिथ्रेडेड' हा शब्द शोभून दिसतो. आठही थ्रेड एकाच ठिकाणी 'शेवटची पातळी' आणि 'शेवटची वेळ' लिहिणार, आणि नववा थ्रेड ते वाचून मेसेज पाठवणार. एखाद्या थ्रेडने पातळी लिहिली, वेळ लिहायची राहिली, तेवढ्यात नवव्याने दोन्ही वाचलं. पातळी आताची, वेळ मघाची. किंवा आयर्विनची पातळी आणि भिलवडीची वेळ. मेसेज गेला. वाचणाऱ्याला वाटलं, हा आकडा तर तासाभरापूर्वीचा आहे, म्हणजे आता पाणी आणखी चढलं असणार. किंवा उलटं वाटलं. घर सोडायचं की नाही, गोठ्यातली जनावरं हलवायची की नाही, हे अशा आकड्यांवर ठरतं. २०१९ मध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं होतं. तेव्हा एकेका फुटाला काय अर्थ होता ते या शहराला विचारा. आणि लक्षात ठेवा, बिनकुलपाचा पायथॉन इथे कोसळणार नाही. त्याच्या आतल्या याद्या आणि कोश आपापलं छोटं कुलूप लावून शाबूत राहतील. चूक फक्त तुमच्या दोन आकड्यांच्या जोडीत असेल, आणि ती कुठलीही एरर दाखवणार नाही.

इव्हेंट लूपमध्ये असं होतच नाही का? होऊ शकतं. पातळी आणि वेळ लिहिणाऱ्या दोन ओळींच्या मध्ये तुम्ही थांबा घेतलात तर तिथेही दुसरं काम मध्ये घुसेल. पण हा थांबा कोडमध्ये लिहिलेला असतो. 'अवेट' हा शब्द ओळीवर दिसतो, त्यावर बोट ठेवता येतं. वाचणारे सर, मित्र किंवा पुढच्या वर्षी तोच प्रोजेक्ट 'पुढे नेणारा' ज्युनियर, सगळ्यांना तो दिसतो. टाइमटेबलात क्रॉसिंग कुठल्या स्टेशनावर आहे ते छापलेलं असावं तसं. थ्रेडमध्ये क्रॉसिंग कुठल्याही खांबापाशी होऊ शकतं, आणि ते कुठेच छापलेलं नसतं. माझ्या दृष्टीने या सगळ्या वादाचा गाभा इथे आहे. स्क्रिप्टिंग भाषेचं मोठेपण वेगात नाही. तिच्यातला प्रोग्रॅम एका बैठकीत वाचून कळतो, यात आहे. सामायिक मेमरीचे थ्रेड नेमकं हेच काढून घेतात. कोड तोच राहतो, पण तो वाचून काय होईल ते सांगता येत नाही.

'टेस्टिंग करू की' असं म्हणणाऱ्यांसाठी दोन जुन्या गोष्टी. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिका आणि कॅनडाच्या ईशान्य भागात सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. ओहायोतल्या एका कंट्रोल रूमची धोक्याची सूचना देणारी यंत्रणा आधीच गप्प झाली होती, आणि ऑपरेटर समजत होते की सगळं ठीक आहे. नंतर शोधाशोध केल्यावर त्या सॉफ्टवेअरमध्ये रेस कंडिशन सापडली. त्याआधी १९८५ ते १९८७ मध्ये थेरॅक-२५ या कॅन्सरवरच्या रेडिएशन मशीनने सहा रुग्णांना भयानक डोस दिले, त्यांतले काहीजण दगावले. तिथेही एक कारण हेच होतं: एकाच मेमरीला हात लावणारी दोन कामं. ऑपरेटर सरावाने झपाझप टाइप करू लागली तेव्हाच ती चूक जागी व्हायची. हे दोन्ही प्रोग्रॅम स्क्रिप्टिंग भाषेत नव्हते आणि ते लिहिणारे आपल्यासारखे नवशिके नव्हते. तरी चूक टेस्टिंगमधून सुटली. मग रात्री दोनला, सबमिशनच्या आदल्या दिवशी, आपण लिहिलेल्या आठ थ्रेडचं काय?

कुणी म्हणेल, मेमरी वाटून न घेता मोठी कामं होतच नाहीत. यावर उत्तर द्यायला पुण्यापर्यंत जाऊ. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. त्यात ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर होते. प्रत्येकाची मेमरी स्वतःची, शेजाऱ्याशी बोलायला चार दुवे, आणि बोलणं निरोपाने. एकाच वहीत सगळ्यांनी लिहायची भानगडच नाही. ट्रान्सप्युटरसाठी बनवलेली ऑकॅम ही भाषा टोनी होअर यांच्या १९७८ च्या कल्पनेवर उभी होती: कामं स्वतंत्र ठेवा आणि त्यांना फक्त निरोपाने बोलू द्या. आजचे महासंगणकही नोडा-नोडांमध्ये निरोपच पाठवतात. हो, नोडच्या आत थ्रेड असतात, हेही खरं. पण ते सी किंवा फोरट्रानमध्ये, ते काम जाणणाऱ्या माणसांनी लिहिलेले असतात. आपल्या नमपायच्या आतही तसंच चालतं. मोठ्या मॅट्रिक्सचा गुणाकार सांगितला की आतली लायब्ररी अनेक कोअर कामाला लावते, आणि आपल्याला एकही कुलूप दिसत नाही. पुराच्या स्क्रिप्टला उद्या 'पाणी कुठल्या गल्लीत किती चढेल' याचं जड गणित जोडायचं झालं, तर ते अशाच लायब्ररीकडे सोपवावं. इंजिनरूममध्ये थ्रेड असू देत. प्रवाशांना तिकडे पाठवू नये, एवढंच.

तर मग करायचं काय? भाषा करणाऱ्यांकडून मला तीन गोष्टी हव्यात. वाट बघण्याच्या कामांसाठी इव्हेंट लूप हा पहिला रस्ता असावा. जड गणितासाठी वेगळा इंटरप्रिटर किंवा वेगळी प्रोसेस आणि मध्ये निरोपाची रांग हा दुसरा. पायथॉन ३.१४ मध्ये एकाच प्रोसेसमध्ये स्वतंत्र इंटरप्रिटर चालवायची सोयही आता अधिकृत लायब्ररीत आली आहे. तिच्याबद्दल विंगमध्ये कुणी फारसं बोलत नाही, आणि मला तर कुलूप काढल्यापेक्षा तीच बातमी मोठी वाटते. तिसरा रस्ता सामायिक मेमरीच्या थ्रेडचा. तो असावा, बंद करू नये, पण त्याच्या तोंडाशी फाटक असावं आणि ते ओलांडताना माणूस क्षणभर थांबावा.

आपल्या सरांना आणि मॅडमना एक नम्र विनंती. ओरलला 'थ्रेड आणि प्रोसेसमधला फरक सांगा' हा प्रश्न विचारता, आणि 'थ्रेड म्हणजे हलकी प्रोसेस' हे उत्तर ऐकून मार्क देता. त्याऐवजी वीस ओळींचा प्रोग्रॅम समोर ठेवा आणि विचारा, 'यात दुसरा थ्रेड कुठे कुठे घुसू शकतो, बोट ठेव.' ज्याला बोट ठेवता आलं त्याला थ्रेड कळला. प्रॅक्टिकलमध्ये आधी रांगेचा प्रोग्रॅम घ्या, मग कुलपाचा. आणि प्रोजेक्टच्या टायटलमध्ये 'मल्टिथ्रेडेड' दिसलं की मार्क वाढवण्याऐवजी एकच विचारा: 'का?'

मित्रांनो, तुम्हालाही एवढंच सांगणं आहे. नवी आवृत्ती उतरवून घ्या, बिनकुलपाचा पायथॉन चालवून बघा, आठही कोअर घुमवा, मजा घ्या. शिकायचं ते याच वयात. पण जी स्क्रिप्ट दुसऱ्या कुणाच्या भरवशाची होणार आहे, मग ती मेसच्या बिलाची असो की आयर्विनच्या पातळीची, तिच्यात दोन थ्रेडनी एका आकड्याला हात लावण्याआधी स्वतःला विचारा, की हे काम निरोपाने झालं नसतं का? माझा अनुभव असा, की दहातल्या नऊ वेळा उत्तर 'झालं असतं' असं येतं. उरलेल्या एका वेळी थ्रेड जरूर वापरा. फक्त कुलूप कुठे लावलंय आणि किल्ली कुणाकडे आहे, ते कोडमध्ये स्वच्छ शब्दांत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी ते कोड उघडणारा ज्युनियर तुमच्या नावाने खडे फोडणार नाही.